तुम्ही विचारलंत म्हणून: बोक्यासाठी थांबलीस का?

लग्न असो की बारसं, प्रश्न ठरलेला. २०२० साली आई साताऱ्यात जीव टांगणीला लावून बसली होती आणि तू एका बोक्यासाठी पुण्यात एकटी राहिलीस? आत्या, परवा तुम्ही सगळ्यांदेखत विचारलंत, म्हणून एकदाचं लिहिते.

हो, राहिले. जनता कर्फ्यूच्या दुसऱ्याच दिवशी, २३ मार्चला, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या हे खरं. पण त्याआधी दादा गाडी घेऊन यायला तयार होता. त्याच्या घरात तान्हं बाळ, वहिनीला मांजर नको होतं. तिचं काही चुकलं नाही. पण मग गुंड्याला कुठे ठेवायचं? एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या वाघिणीला कोविड झाल्याची बातमी आली आणि मी जिन्यात दिसले की शेजारची दारं लागायला लागली.

त्यानंतरची एक रात्र तुम्हाला कुणालाच सांगितलेली नाही. गुंड्या सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. कुंथायचा, ओरडायचा, पण थेंबही नाही. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, पोट चाचपून बघा. हाताला कडक गोळा लागला. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते. ती तुंबली की रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. "सकाळपर्यंत थांबू नका." जनावरांच्या दवाखान्यांना टाळेबंदीतून सूट होती, पण नाकाबंदीवर ते कोण ऐकणार, या धास्तीनेच स्कूटर काढली. पोलिसांनी टोपलीचं झाकण उघडायला लावलं, टॉर्च मारला, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "जावा ताई लवकर. आमच्याकडंबी हाय एक." दवाखान्यात मालकांना आत घेत नव्हते. मी फुटपाथवर बसले. डॉक्टर अधूनमधून दारात येऊन सांगायच्या: भूल दिलीय. नळी जात नाहीये. गेली. रक्त आहे, पण लघवी सुटली. मी मोठ्याने रडले. कित्येक आठवड्यांत माझ्याशी समोरासमोर बोललेली ही दोनच माणसं.

पूर्वी मी म्हणायचे, गुंड्याने मला जगवलं. आता तसं म्हणवत नाही. एकटेपणा त्याने घालवला नाही; दिवेलागणीला घसा दाटायचाच. पण त्याला सकाळी सातला खायला लागायचं, म्हणून मी अंथरुणातून उठायचे. रात्री तो पोटावर येऊन बसला की झोप लागायची.

आईला मी हवी होते, हे तेव्हाही कळत होतं. पण तिच्याजवळ दादा होता, गुंड्याजवळ कोण होतं? हे आईला अजून पटलेलं नाही. मलाही रोज पटतं असं नाही. तरी त्याला रस्त्यावर सोडून यायला हवं होतंस, असं मला कुणी सांगू नका.