रेघ उमटली, पण पाऊच फाटेना

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमध्ये बेदाण्याच्या पाऊचवर लेझरने रेघ मारतात. मग तोंड हाताने सरळ फाटतं, कात्री लागत नाही. नेहमीचा माल म्हणजे बाहेर १२ मायक्रॉन पॉलिएस्टर, आत ५० मायक्रॉन पॉलिथिन. कार्बन डायऑक्साइड लेझरचा १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा किरण पॉलिएस्टर शोषतं. पॉलिथिनमधून तो बहुतांश आरपार जातो. म्हणून वरचा थर कापला जातो नि आतला शाबूत राहतो. ३० वॅटची ट्यूब ६० टक्क्यांवर, वेग सेकंदाला ६०० मिलिमीटर, एवढ्यावर काम भागतं.

तासगावच्या एका पॅकरचा नवा रोल याच सेटिंगवर चढवला. छापील भागात रेघ दिसली, पण फोड आल्यासारखी फुगलेली. पारदर्शक खिडकीत तर काहीच नाही! ऑपरेटरने पॉवर ९० टक्क्यांवर नेली, बहुतेक जण हेच करतात. त्याने रेघेच्या दोन्ही कडांना वितळलेल्या प्लास्टिकचे उंचवटे आले. पाऊचमध्ये रंगीत पाणी भरून पाहिलं, तर रेघेच्या टोकांशी गळती. किरण फिरवणारे आरसे तिथे वेग धरताना-सोडताना मंदावतात, त्यामुळे तेवढ्या जागी ऊर्जा जास्त पडते.

लेन्स पुसून झाली, फोकसही बरोबर होता. रोलच्या लेबलवर जाडी लिहिलेली, फिल्मचं नाव नाही. मग न छापलेल्या कडेचा वरचा थर सोलला आणि तुकडा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात दाबून सोडला. साबण नसेल तर हवेचे बुडबुडे चिकटून फसवतात. तुकडा वर आला. पॉलिएस्टरची घनता १.३८, ते तळाशी जायला हवं. हे बीओपीपी, म्हणजे दोन्ही दिशांनी ताणलेली पॉलिप्रॉपिलिनची फिल्म निघाली, घनता ०.९१च्या आसपास.

बीओपीपी १०.६चा किरण फारसा शोषत नाही. शाई शोषते, म्हणून उष्णता दोन थरांच्या मध्ये अडकून फोड येतात. त्यात हे पॉलिथिन ११० अंशांजवळ वितळतं, बीओपीपी १६५च्या आसपास. पॉवर वाढवली की आतला थर आधी जातो, आणि हवाबंद ठेवण्याचं काम तर त्याचंच.

पॉलिप्रॉपिलिनसाठी १०.२ मायक्रॉनचा लेझर मिळतो, पण एवढ्याशा ऑर्डरसाठी तो परवडेना. पॅकर पुन्हा पॉलिएस्टरवर आला. उरलेल्या रोलच्या पाऊचना बाजूच्या सीलमध्ये खाच मारून दिली. सील १० मिलिमीटर रुंद, खाच ३ मिलिमीटर खोल. त्याहून आत गेली तर पुन्हा गळतीची भीती. खाचेपासून बीओपीपी झटकन फाटतं, फक्त रेघेसारखं सरळ फाटेलच असं नाही.