उघडा तळ की वाळू? डिस्कस आणि कोरीडोरासच्या टाक्यांची नोंद

सध्या माशांच्या दोन टाक्या शेजारीशेजारी चालू आहेत. एकीत वाढत्या वयाचे डिस्कस (थाळीसारखे चपटे, गोल मासे) आहेत आणि खाली नुसती काच, म्हणजे उघडा तळ. दुसरीत कार्डिनल टेट्रा हे छोटे मासे आणि कोरीडोरास (तळाशी चरणारे मिशीवाले छोटे मासे), तळाला बारीक वाळू, एक मोठं ड्रिफ्टवुड (पाण्यात ठेवायचं वाळकं लाकूड), बदामाची वाळलेली पानं आणि वर तरंगत्या वनस्पती. पाणी दोन्हीकडे स्थिर आहे. विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून तयार होणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्य, त्यांच्यापासून शेवटी बनणारा, कमी घातक नायट्रेट डिस्कसकडे १० पीपीएमच्या आसपास, वाळूच्या टाकीत २०. त्यामुळे या वेळी आकड्यांपेक्षा माशांच्या वागण्याबद्दल जास्त लिहिते.

डिस्कसची पिल्लं उघड्या तळावर वाढवण्याची पद्धत जुनी आहे आणि तिला भक्कम कारण आहे. पिल्लांना दिवसातून अनेकदा थोडं थोडं खायला द्यावं लागतं, पाणी २९ अंशांवर असतं आणि त्या तापमानात उरलेलं खाणं भराभर कुजतं. खडीच्या फटीत गेलं की ते तिथेच राहतं. काचेवर पडलेलं मात्र दिसतं आणि सायफनने (पाण्यासोबत मळ ओढून घेणाऱ्या नळीने) लगेच काढता येतं. विष्ठाही दिसते, आणि मला तर हाच उघड्या तळाचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. गडद, भरीव, लवकर तुटून पडणारी असेल तर पोट ठीक आहे. पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत राहिली तर मासा खात नाही किंवा आतड्यात काहीतरी बिघडलंय. खडीत हे लक्षण हरवून जातं.

पण उघडा तळ म्हणजे रिकामी टाकी नव्हे. उघड्या तळाला नावं ठेवणारे आणि त्याची बाजू घेणारे, दोघेही बहुतेक वेळा या दोन गोष्टी एकच धरून बोलतात. नुसत्या काचेच्या डब्यात हेच डिस्कस मागच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून असायचे, अंगावरचे उभे पट्टे गडद झालेले, मी टाकीसमोरून गेले की सगळे एकदम दचकायचे. खालची काच आरशासारखी चमकत होती, त्यामुळे त्यांना वरूनही उजेड आणि खालूनही उजेड. टाकीखाली बाहेरून फिक्या वाळूच्या रंगाचा, चमक नसलेला कागद सरकवला. काळा मुद्दाम टाळला, कारण यातले काही पिजन ब्लड या रंगाच्या जातीचे आहेत आणि गडद परिसरात त्यांच्या अंगावर मिरीसारखे काळे ठिपके वाढतात. मग एक उभं ड्रिफ्टवुड ठेवलं, त्यावर अनुबियास आणि जावा फर्न या पाणवनस्पती बांधल्या. या दोन्हींचं खोड जमिनीत पुरायचं नसतंच, उलट पुरलं तर कुजतं. म्हणजे वाळू नसली तरी त्यांचं काही अडत नाही.

फरक स्पष्ट आहे. उभे पट्टे आता दिवसाचा बराच वेळ पुसट असतात, फक्त भांडणाच्या वेळी वर येतात. लाकडामुळे एकमेकांची नजर तुटते, त्यामुळे सगळ्यात मोठा मासा सगळ्यात छोट्याच्या मागे सतत लागू शकत नाही. छोटा आता पोटभर खातो. लपायला जागा मिळाल्यापासून मासे लपतात कमी आणि पुढे येतात जास्त. नव्या मंडळींना हे पटवून देणं अवघड जातं.

देखभालीचं थोडक्यात. उघड्या तळावर काचेला बुळबुळीत थर लवकर येतो, तो खालची काच धरून सगळीकडून पुसावा लागतो. मी दिवसाआड ४० टक्के पाणी बदलते. खडी नसल्यामुळे अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंना बसायला जागा कमी, सगळी भिस्त फिल्टरवर. म्हणून दोन मुरलेले (जिवाणू आधीच बसलेले) स्पंज फिल्टर आहेत, आणि ते कधीही एकाच दिवशी धुवायचे नाहीत. धुवायचे तेही टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. चालू टाकीतली खडी काढून तळ उघडा करणार असाल तर एकदम काढू नका. एक तृतीयांश काढा, खाणं कमी करा, अमोनिया आणि नायट्राइट तपासा, शून्य राहिले तरच पुढचा भाग.

आता कोरीडोरास. यांच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: यांना वाळू हवीच. जवळून बघितलं की वाद उरत नाही. मासा तोंड थेट डोळ्यांपर्यंत वाळूत खुपसतो, मिशा दोन्ही बाजूंना चालू असतात, आणि क्षणभराने कल्ल्यांच्या झाकणांखालून वाळूच्या दोन बारीक धारा बाहेर पडतात. खाणं संपल्यावरही दिवसभर हेच चालू. काचेवर टाकलेली गोळी ते खातात, पण हे चाळणं काचेवर होऊच शकत नाही. वाळू गोल कणांची आणि स्वच्छ हवी. घाणीत त्यांच्या मिशा झडतात, म्हणून मी २ सेंटिमीटरपेक्षा जाड थर ठेवत नाही. मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी तो खालून हलवत राहतात, आणि सायफन वाळूत न खुपसता वरच्यावर फिरवला की मळ तेवढा उचलला जातो.

नवे कोरीडोरास आणले आहेत, ते वेगळ्या टाकीत चार आठवडे राहतील. या क्वारंटाइनला (नवे मासे रोगासाठी वेगळे ठेवायला) मात्र तळ उघडाच हवा. इक या परजीवी रोगाचा पांढरा ठिपका माशावरून गळून तळाशी चिकटतो, तिथे फुटून त्यातून शेकडो नवे जीव निघतात, आणि औषध लागू पडतं ते फक्त या मोकळ्या पोहणाऱ्या अवस्थेवर. रोज तळ सायफन केला तर त्यातले बरेचसे फुटण्याआधीच बाहेर जातात. शिवाय मॅलकाइट ग्रीनसारखं औषध वापरायची वेळ आली तर मध्ये वनस्पतींची काळजी नाही.

मग या माशांच्या वाळूचं काय? काचेच्या पसरट वाडग्यात वाळू भरून ते तळाला ठेवलं. सगळे कोरीडोरास दुसऱ्या दिवशीपासून त्या वाडग्यातच. कुठलीही शंका आली की वाडगं उचलायचं, वाळू उकळत्या पाण्यातून काढायची, गार झाली की परत ठेवायची. एका कोपऱ्यात पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे आहेत, तेवढा आडोसा पुरतो.

या वाडग्यावरून डिस्कसबद्दल नवा प्रश्न डोक्यात आला आहे. डिस्कससुद्धा तळाचा उपयोग करणारा मासा आहे. तो तोंडाने पाण्याचा झोत मारून वाळू उडवतो आणि खाली दडलेलं खाणं वेचतो. माझे डिस्कस उघड्या काचेवरही असे झोत मारताना दिसतात, विशेषतः ब्लडवर्म (लाल अळ्यांचं खाणं) दिल्यानंतर. वाढीच्या काळात स्वच्छता आधी, यात मला शंका नाही. पण मासे १२ सेंटिमीटरच्या पुढे गेले आणि दिवसातून दोनदा खाण्यावर आले की कारण तितकं जोरदार राहत नाही.

म्हणून पुढची पायरी अशी ठरवली आहे: त्यांच्या टाकीतही आधी एक रुंद, उथळ ट्रे, त्यात सेंटिमीटरभर वाळू, आणि खाणं त्याच्या वरच टाकायचं. ॲमेझॉन स्वोर्ड या पाणवनस्पतीची एक कुंडी ट्रेच्या मागे, मुळांशी खताची गोळी घालून. नायट्रेट २० च्या वर जाऊ लागला तर ट्रे बाहेर. नाही गेला तर हळूहळू अर्ध्या तळावर वाळू, आणि फिल्टरच्या बाजूचा अर्धा उघडाच, म्हणजे प्रवाहाने मळ तिकडे गोळा होईल आणि सायफनला सोपं जाईल. कुणी असा अर्धा-अर्धा तळ डिस्कससाठी चालवला असेल तर वाळू उघड्या भागात सरकू नये म्हणून मध्ये काय लावलं ते जरूर सांगा. मी सध्या काचेची पट्टी सिलिकॉनने चिकटवायचा विचार करते आहे.