विसण

गेल्या रविवारी दुपारी नातीच्या हट्टापायी दोन गोल्डफिश घरी आणले. दुकानदार पिशवीच्या तोंडाला रबर गुंडाळत म्हणाला, "काका, घरी गेल्या गेल्या मासे टाकीत ओतू नका. पिशवी तशीच पाण्यावर वीस मिनिटे तरंगू द्या, मग तिच्यात टाकीतले पाणी थोडे थोडे घाला आणि मगच त्यांना सोडा." मी मान डोलावली आणि मनात म्हटले, म्हणजे विसणच घालायचे की! विसण म्हणजे आंघोळीचे कढत पाणी सोसेल असे व्हावे म्हणून त्यात घालायचे गार पाणी. हा शब्द मी किती वर्षांनी आठवला कोण जाणे. घरात गीझर आला आणि विसण घालण्याचे काम नळाच्या चकतीकडे गेले; शब्द मात्र कोणाकडेच गेला नाही.

आजोळच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. सकाळी त्याच्या नळाखाली बादली लागे आणि आजी तांब्याने गार पाणी ओतत, दर तांब्यागणिक कोपर बुडवून पाहत असे. बंब एकच असला तरी प्रत्येकाचे विसण निराळे होते. धाकट्या मावशीला पाणी जेमतेम कोमट लागे, मला त्याहून बरेच कढत, आणि आजोबा तर एक थेंबही विसण न घालता अंगावर तांब्ये ओतून उकडलेल्या खेकड्यासारखे लाल होऊन बाहेर येत. माझ्या पाठीवर पहिला तांब्या ओतताना आजी विचारायची, "सोसतंय का रे?" मी अजूनही वैशाखात कढत पाण्याने आंघोळ करतो आणि घरच्यांची बोलणी खातो, पण सोसण्याची पट्टी ज्याची त्याची असते, हे माझे मत काही बदललेले नाही.

माशांपुढे मात्र बादली नसते. बहुतेक माशांचे अंग भोवतालच्या पाण्याइतकेच गार किंवा गरम असते. न सोसल्यास दुसरीकडे जाणे किंवा मरणे, एवढेच त्यांच्या हाती उरते. त्यात गोल्डफिश भलताच सोशिक. टोरांटोच्या फ्राय या प्राणिशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात आपल्या सहकाऱ्यांबरोबर या माशावर प्रयोग केले, तेव्हा असे दिसले की, आधी सवयीचे पाणी तीन अंशांनी गरम केले तर त्याची उष्णता सोसण्याची मर्यादा साधारण एका अंशाने वर सरकते, आणि ही घासाघीस सुमारे ४१ अंशांपाशी संपते. खालच्या बाजूला हाच मासा जवळजवळ गोठत्या पाण्यातही तग धरतो. घरोघरच्या काचेच्या भांड्यांत तो उगाच येऊन बसलेला नाही. याच्या अगदी उलट तऱ्हा अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या काही माशांची आहे. तिथले पाणी उणे १.९ अंशांपर्यंत उतरते आणि रक्त गोठू नये म्हणून या माशांच्या अंगात खास प्रथिने असतात. पण पाणी सहा-एक अंशांवर गेले की त्यांच्यातले काही उष्म्याने मरतात. आपल्या फ्रिजमधल्या गार पाण्याच्या बाटलीत त्यांना उष्माघात व्हायचा!

ऊन चढले की माशाची अडचण दोन्हीकडून होते. शून्य अंशाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात त्याच्या जवळजवळ निम्माच; आणि नेमके त्याच वेळी गरम झालेल्या शरीराला अधिक प्राणवायू हवा असतो. म्हणजे घरात खाणारी तोंडे वाढावीत आणि त्याच महिन्यात पगार निम्मा व्हावा, तसे हे आहे. आपली मरळ अधूनमधून वर येऊन हवेतूनच श्वास घेते, म्हणून तापलेल्या, आटत चाललेल्या डबक्यात तिचे निभावते. ट्राउटला ती सोय नाही. १९०० च्या सुमारास इंग्रजांनी या माशाची अंडी विलायतेहून बोटीने आणून काश्मीरच्या नाल्यांत तो रुजवला, निलगिरीतही आणला, आणि दोन्हीकडे तो टिकला तो उंचावरच्या गार, खळाळत्या पाण्यात. पंचवीस अंशांच्या आसपास त्याचा जीव जातो. त्यामुळे उटीच्या डोंगरावर तो सुखाने राहतो, आणि तेच पाणी खाली मैदानात उतरले की त्याच्या दृष्टीने परका मुलूख सुरू होतो, वाटेत सीमेची एकही पाटी नसताना.

समुद्रात तर पाटी लावायलाही जागा नाही. तारली या छोट्या माशाची मुख्य वस्ती पूर्वी केरळपासून साधारण भटकळपर्यंतच्या किनाऱ्यालगत होती; १९८० च्या दशकानंतर ती उत्तरेकडे आणि पूर्व किनाऱ्यावरही पुष्कळ सापडू लागली. समुद्राचे वाढते तापमान हे त्यामागचे एक कारण असावे, असे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी मांडले आहे. बांगडा एरवी पाण्याच्या वरच्या थरातला, पण तोही आता तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यांत पूर्वीपेक्षा जास्त येतो, म्हणजे बहुधा गारव्यासाठी खोल उतरतो. बाजारात तारली स्वस्त मिळाली म्हणून खूश होणाऱ्या मला, ती घर सोडून आली असेल, हे कधी सुचलेच नव्हते. आणि जे जागचे हलू शकत नाही त्या प्रवाळाला तर ही वाटही मोकळी नाही. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी वर जाऊन काही आठवडे तसेच राहिले, तर ते पांढरे पडते.

हे सगळे मनात चालू असताना वीस मिनिटे केव्हाच होऊन गेली होती. मी पिशवी सोडली आणि आजीसारखे कोपर नव्हे, पण करंगळी टाकीत बुडवून पाहिली. मग वाटीने चार वेळा टाकीतले पाणी पिशवीत घातले. एक मासा लगेच बाहेर पडून शेवाळाच्या मागे गेला. दुसरा मात्र उघड्या पिशवीतच तोंडाची उघडझाप करत थांबून राहिला. पिशवी कलती केली तरी तो मागेच सरे. "त्याला पिशवीच आवडते," नात म्हणाली. असेलही.