तीन रामोन आणि एक पिन्या कोलाडा

पिन्या कोलाडा, म्हणजे रम, नारळ आणि अननसाचं कॉकटेल, कुणाचा, हा प्रश्न पोर्तो रिकोच्या सान हुआन शहरात जरा जपूनच विचारावा. कारिबे हिल्टन हॉटेल म्हणतं, आमच्या रामोन ‘मोंचितो’ मारेरोचा, १९५४ सालचा. जुन्या शहरातल्या बाराचिना रेस्टॉरंटने तर पाटीच लावून ठेवली आहे: आमच्या रामोन पोर्तास मिंगोतचा, १९६३. कोफ्रेसी नावाच्या समुद्री चाच्यालाही काही जण श्रेय देतात. तो आपल्या खलाशांना रम, नारळ आणि अननस एकत्र करून पाजायचा म्हणे. चाच्यांच्या नावावर काहीही खपतं.

माझं मत मात्र तिसऱ्याच रामोनला. रामोन लोपेस इरिसारी हा पोर्तो रिको विद्यापीठातला प्राध्यापक. नारळ फोडा, खोवा, वाटा, पिळा, एवढा खटाटोप कुठला बारवाला दर ग्लासाला करेल? याने नारळाचा दाट अर्क काढून त्यात उसाची साखर घालायची युक्ती शोधली आणि ‘कोको लोपेस’ नावाचं गोड कोकोनट क्रीम डब्यात आलं. रम, अननस, लिंबू आणि साखर असलेलं याच नावाचं पेय क्यूबात १९२०च्या दशकातही होतं, पण त्यात नारळ नव्हता. म्हणजे आज आपण ज्याला पिन्या कोलाडा म्हणतो, तो त्या डब्यामुळेच जन्मला. १९७८ मध्ये पोर्तो रिकोने त्याला आपलं अधिकृत पेय ठरवलं.

म्हणूनच नुसतं नारळाचं दूध वापरलेलं मला चालत नाही. ते पातळ असतं, बिनसाखरेचं असतं, आणि ग्लासात लगेच पाणी नि चरबी वेगळी व्हायला लागते. डब्यातलं गोड, घट्ट कोकोनट क्रीमच हवं. डबा आधी खूप हलवा, कारण वर गोळा बसलेला असतो.

हिल्टनची कृती अशी: ६० मिली पांढरी रम, ३० मिली कोकोनट क्रीम, ३० मिली दुधाचं क्रीम, १८० मिली अननसाचा रस, अर्धा कप बर्फाचा चुरा. ब्लेंडरमध्ये १५ सेकंद. मी दुधाचं क्रीम वगळते. त्याने सगळं मिल्कशेकच्या वळणावर जातं. त्याऐवजी अर्ध्या लिंबाचा रस घालते, मग गोडी जिभेवर बसून राहत नाही. बर्फही कमी करते आणि अननसाच्या फोडी आदल्या रात्री फ्रीझरमध्ये टाकते, म्हणजे गारवाही मिळतो आणि पाणीही होत नाही. वरून चमचाभर काळी रम सोडली तर नारळाआड लपलेली रम निदान नाकाला तरी सापडते. चेरी आणि कागदी छत्री हौसेवर.

दुधाचं क्रीम घालायचंच असेल आणि रस ताजा असेल, तर ग्लास भरून ठेवू नका. ताज्या अननसातलं ब्रोमेलेन हे एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि थोड्या वेळात कडवटपणा येतो. डब्यातल्या रसाला ही भीती नाही, तो तापवलेला असतो.