आंबीचं पाणी

पावसाळ्यात पुण्यात दोनच प्रश्न असतात, धरण किती भरलं आणि पाणी सोडलं का. सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि आपण म्हणतो मुठेला पूर आला. मीपण हेच म्हणायचो.

मागे एकदा पानशेतला गेलो होतो, भजी खायला, उगाच निसर्गबिसर्ग सांगत नाही. टपरीवाल्या काकांना विचारलं, ही नदी कुठली हो? ते म्हणाले, "नदी कुठली, धरणाचं पाणी हाय ते." झालं, विषय संपला.

तर ती नदी म्हणजे आंबी, पानशेत धरण तिच्यावरच आहे. शेजारच्या खोऱ्यातली मोसी, जिच्यावर वरसगाव धरण आहे, आणि लवासा त्याच पाण्याच्या काठाला. आंबी आणि मोसी एकमेकींना भेटून खाली येतात, तिकडून टेमघरवरनं मुठा येते, मग खडकवासला, आणि तिथून पुढे नाव फक्त मुठेचं. आता गंमत बघा, वरसगाव १२.८२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट पाणी), पानशेत १०.६५ आणि मुठेचं स्वतःचं टेमघर फक्त ३.७१! म्हणजे भरणा दोघींचा आणि पाटी तिसरीची. आमच्या सोसायटीतही वर्गणी काढताना असंच होतं, पण ते जाऊ दे.

मोसीचं तरी बरंय, मोसे खोरं म्हणून जुन्या मावळच्या इतिहासात ती आहे, तिथले शिवरायांचे साथीदार बाजी पासलकर, आणि धरणालाही त्यांचंच नाव दिलंय. आंबीला काय? धरणाचं सरकारी नाव तानाजीसागर, बोलीतलं पानशेत, ती कुठेच नाही. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, खालचं खडकवासलाही गेलं, अर्धं पुणं पाण्यात. पाणी आंबीचं, पण आमची आजी आयुष्यभर म्हणायची "पानशेतचा पूर". बदनामीसुद्धा तिच्या वाट्याला आली नाही.

मुठेनेही फार मिरवू नये म्हणा. संगमावर मुळा भेटली की मुळा-मुठा, तेही मुळा आधी, पुढे भीमा, आणि पंढरपुरात नदी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा. वारीला गेलेले आमचे काका तिथलं तीर्थ बाटलीत भरून आणतात. मी एकदा म्हटलं, काका, यात थोडं पानशेतचं पण असेल. ते म्हणाले, गप, देवाचं आहे ते.