कपाट उघडायला 14 महिने

शाळेत वाचनाचे उपक्रम कसे घ्यावेत यावर माझी आजवर तीन-चार प्रशिक्षणं झाली. सगळीकडे चार्ट पेपर, स्केचपेन, गटकार्य, शेवटी चहा-बिस्कीट. पण पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते आणि तो ती का देत नाही, हे एकाही प्रशिक्षणात कोणी सांगितलं नाही. आमच्या शाळेतली पोरं पुस्तकांना लागली ती पंधरा दिवसांत. कपाट उघडायला मात्र 14 महिने लागले. तेव्हा लिहितानाही प्रमाण साधारण तसंच राहील, आधीच सांगून ठेवते.

यवतमाळ जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते सातवी, 94 मुलं, आम्ही चौघं. निम्मी पोरं बंजारा तांड्यावरची, काही कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून येणारी, बाकी गावातली. जूनच्या शेवटी, म्हणजे आमच्याकडे शाळा उघडतात तेव्हा, मी बदलून इथे रुजू झाले. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक हिरवं लोखंडी कपाट होतं. त्याच्यावर पृथ्वीचा गोल, कॅरम बोर्ड, मागच्या निवडणुकीची कसलीशी पेटी. दाराला कुलूप, आणि कुलपाच्या भोकात कोळ्याचं जाळं.

मी विचारलं, "सर, यात काय आहे?"

"ग्रंथालय," सर म्हणाले. आणि लगेच, "थे कपाट नका उघडू बाप्पा. उघडलं तं मोजा लागते. मोजलं तं कमी भरते. कमी भरलं तं कोनाच्या पगारातून कापाचं?"

माणूस वाईट नाही, उलट फार साधा आहे. पण प्रभारी मुख्याध्यापक. चार्ज घेताना त्यांनी 'ग्रंथ 386, तपासून घेतले' यावर न तपासता सही केलेली. त्यांना चार्ज देणाऱ्यांनीही तेच केलेलं, त्यांच्या आधीच्यांनीही. एका वाक्यावर तीन माणसांच्या सह्या आणि पुस्तकं कोणीच पाहिलेली नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सगळ्या विषयांची पुस्तकं असलेलं ग्रंथालय असावं. ते होतंच की आमच्याकडे, कागदावरही आणि कपाटातही. मी एकदा रंगनाथन यांचा दाखला दिला. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम त्यांनी 1931 साली मांडले, त्यातला पहिलाच की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यायच्या पगारातून कापलं नसन न."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आजही फारसं नाही.

किल्ली मिळवायला सप्टेंबर उजाडला. ती निवृत्त सरांकडे होती, ते अमरावतीला मुलाकडे. कोणीतरी जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती ती आली, तर कुलपाला लागेना. शेवटी गावातल्या वेल्डिंगवाल्याने कोंडा कापला, पन्नास रुपये घेतले. दार उघडलं. वरचे तीन कप्पे धुळीने भरलेले पण धड. सगळ्यात खालच्या कप्प्यात भिंतीतून बोटाएवढी मातीची नळी आत शिरलेली. उधई, म्हणजे वाळवी. मी एक जाडसर पुस्तक उचललं, पाठीवर नाव ठळक, मुखपृष्ठावरचा हत्ती जसाच्या तसा. आणि हातात वजनच लागेना. उघडलं तर चारी बाजूंनी कागदाची चौकट आणि मधे नुसती माती.

(लक्षात आलं तसं सांगते. कपाट भिंतीपासून वीतभर लांब आणि विटांवर उचलून ठेवा. फाटलेली पानं कणकेच्या खळीने चिकटवू नका, किडे त्याच वासावर येतात.)

आम्ही मोजलं. शाळा व्यवस्थापन समितीची सभा लावली, अध्यक्ष, तीन पालक आणि आम्ही शिक्षक, सगळ्यांसमोर. नोंदवहीत 386, कपाटात 274. म्हणजे 112 नाहीत. आहेत त्यातली 31 उधईने खाल्लेली. समितीतली एक आई सगळं झाल्यावर हळूच म्हणाली, "एवढे पुस्तकं होते का व शाळेत?" तिची थोरली पोरगी याच शाळेतून सातवी होऊन गेली होती.

पंचनामा झाला, ठराव झाला, अध्यक्षांनी वखर बाजूला ठेवून येऊन सही केली. 143 पुस्तकांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदवहीतून अधिकृतपणे वजा करण्याचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे) तालुक्याच्या कार्यालयात गेला. मान्यता येईपर्यंत कपाटाला पुन्हा कुलूप. मला वाटलं, झालं.

दिवाळीनंतर पहिल्यांदा विचारायला गेले. टेबलावरच्या बाबूंनी फाईल शोधली, मिळाली हे नशीब, आणि सांगितलं की चार प्रती लागतात. दोनच आहेत. केल्या. पुढच्या खेपेला, ठरावात 'पुस्तके' लिहिलंय आणि यादीत 'ग्रंथ'. हसू नका, खरंच. ठराव नव्याने लिहिला, पुन्हा सह्या. तोवर कापसाचा वेचा सुरू झालेला, अध्यक्ष शेतात. त्यांच्या सहीसाठी मी आणि सर धुऱ्याधुऱ्याने चालत गेलो. तिसऱ्या खेपेला बाबू रजेवर. चौथ्या खेपेला जे निघालं त्याने पुढचे सहा महिने खाल्ले.

"मॅडम, किमतीचा रकाना रिकामा हाये."

यादीतल्या 58 पुस्तकांपुढे किंमत नव्हती. कारण ती कधीतरी वरून संचात आलेली. नोंदवहीत एका ओळीत 'संच 1, ग्रंथ 60' एवढंच, नुसती नावं खाली जोडलेली. 60 पैकी 58 गायब, उरलेली दोन कपाटात.

मी म्हटलं, "भाऊ, किंमत पुस्तकाच्या पाठीमागे छापलेली असते. ही पुस्तकंच नाहीत. म्हणून तर निर्लेखन मागतोय."

"बरोबर हाये. पण किंमत नाई तं किती रुपयाचं नुकसान झालं हे कसं लिहाचं?"

"अंदाजे लिहू?"

"अंदाजे नाई चालत."

म्हणजे हरवलेलं पुस्तक सापडल्याशिवाय ते हरवलं असं लिहिता येत नव्हतं. त्या दिवशी बसस्टँडवर मी अक्षरशः रडले. रागाने. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालेलं म्हणून खेपा परवडत तरी होत्या. एकंदर 11 खेपा झाल्या. त्यातल्या सात अर्ध्या किरकोळ रजेवर.

मग मी अभ्यासाला लागले. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत, 2017 च्या, ग्रंथालयांसाठी एक नियम आहे, क्रमांक 215. वर्षभरात जितकी पुस्तकं वाचायला दिली जातात त्यात हजारामागे पाच हरवली तर ते वाजवी धरावं, अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसेल तर. हजार रुपयांच्या वरचं किंवा दुर्मीळ पुस्तक असेल तर मात्र चौकशी कराच. मला केवढा आनंद झाला. म्हणजे पुस्तकं हरवतात हे सरकारलासुद्धा मान्य आहे! झेरॉक्स काढून अर्जाला जोडली.

बाबूंनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. त्यांचं हे कौतुक. मग म्हणाले, "हा केंद्राचा हाये, आपल्याले लागू नाई." ते बरोबरच होतं. पुढे म्हणाले, "आन् लागू असता तरी, तुमच्या शाळेनं वर्षात देले किती पुस्तकं?"

आमच्या देवघेव नोंदवहीतली शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची. शून्याला हजारात पाचने गुणलं तरी शून्यच. दिलं असतं आणि हरवलं असतं तर वाजवी. न देता हरवलं, त्याला काय म्हणणार?

तोडगा निघाला तो भलत्याच ठिकाणी. आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांमधल्या शिक्षकांच्या बैठकीत, चहाच्या वेळी मी हे रडगाणं गात होते, तर नऊ किलोमीटरवरच्या एका शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, तसा संच आमच्याकडे पण आलता वाटते. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर स्कुटीवर गेले. त्यांच्या कपाटातून खोकं काढलं. सुतळी तशीच बांधलेली, आतलं प्लास्टिक न फाडलेलं. 60 च्या 60 पुस्तकं, नवी कोरी, शाईचा वास अजून येत होता. कोणी हात लावला नव्हता म्हणून एकही हरवलं नव्हतं. मी खाली बसून एकेकाची पाठ उलटून किंमत उतरवली. 20 रुपये, 35, 25, 40. आमच्या शाळेचं नुकसान त्या खोक्यात अख्खंच्या अख्खं शाबूत होतं.

58 पुस्तकांचे झाले 1,690 रुपये. माझा एसटी, झेरॉक्स आणि चहाचा खर्च काढला नाही, काढावासा वाटला नाही.

त्यानंतरही उन्हाळा गेलाच. मार्चपासून सकाळपाळी, मग सुट्ट्या, मग नवीन सत्र. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात पत्र आलं. दीड ओळ. सोबतच्या यादीतील 143 ग्रंथ निर्लेखित करण्यास मान्यता देण्यात येत आहे. सरांनी ते तीनदा वाचलं, नवा कुलूपकोंडा बसवला होता त्याची किल्ली करदोड्याला बांधलेली होती ती सोडली, आणि माझ्या टेबलावर ठेवली. "घ्या बाप्पा."

आता मला सगळ्यात जास्त कशाची चीड येत असेल, तर याची की ही वाट पाहायची गरजच नव्हती. निर्लेखन हे गेलेल्या पुस्तकांचं असतं. धड असलेली 243 पुस्तकं पंचनाम्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांच्या हातात देता आली असती, कुठलाच कागद आड येत नव्हता. आड आली ती फक्त भीती, आणि मीही ती मानली. तुमच्याकडे असं कपाट असेल तर चौघांसमोर मोजा, पंचनाम्यावर सह्या घ्या, आणि वाटायला लागा. कागद मागून फिरत राहील. चार्ज घेताना मात्र मोजून घ्या, दोन तास लागतात. आणि देणगीत आलेलं पुस्तकसुद्धा किमतीसकट नोंदवा. किंमत, किंमत, किंमत.

पोरांचं सांगायला फार काही नाही, कारण तिथे काही अडलंच नाही. पहिली-दुसरीसाठी व्हरांड्यात दोरी बांधली, चिमट्यांनी पातळ पुस्तकं टांगली, त्यांच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर. देवघेव सहावीच्या दोन मुली बघतात, माझ्यापेक्षा कडक आहेत. शेवटच्या तासाला मी मोठ्याने वाचते आणि गोष्ट रंगात आली की घंटेच्या आधी थांबते. बाकीचं ते पुस्तक मागून नेणारा स्वतः बघतो.

एक चूक केली ती सांगते. सुरुवातीला मी प्रत्येकाला वाचून झाल्यावर दहा ओळी सारांश लिहायला लावला. आठवडाभरात पुस्तक नेणारे अर्ध्यावर आले. चौथीतल्या एकाने सरळ सांगितलं, "मॅडम, वाचतो, पण लिवा लागत असन तं नाई नेत." सारांश बंद केला. त्याऐवजी दहा रुपयांचं टिकल्यांचं पाकीट आणलं. आवडलं तर आतल्या पानावर लाल टिकली, कंटाळा आला तर काळी, काहीच लिहायचं नाही. आता पोरं पुस्तक उघडून आधी टिकल्या मोजतात. एका माकडाच्या पुस्तकावर 23 लाल आहेत. मला स्वतःला फार आवडलेल्या एका थोर माणसाच्या चरित्रावर सात काळ्या. बसलेय गप्प.

तांड्यावरच्या मुलांना मी मराठीतली गोष्ट गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत सांगायला लावते. आधी लाजले, आता गावातली पोरं त्यातले शब्द शिकून एकमेकांना चिडवतात. कोलामांच्या मुलांकडून अजून एवढं जमलेलं नाही. त्या पोडावरची मुलं अबोल, आणि त्यांची भाषा आमच्यापैकी कोणालाच येत नाही.

वाचन प्रेरणा दिन 15 ऑक्टोबरला असतो, अब्दुल कलामांच्या जयंतीला. आमच्याकडे तेव्हा सोयाबीनची सोंगणी आटोपत असते आणि वर्गात निम्मी पोरं. फोटो काढून वर पाठवावा लागतो, तो काढतो. पण खरी गर्दी होते दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी, तेव्हा एकेकाला दोन पुस्तकं देते. ती पुस्तकं शेतात जातात, जाऊ द्या.

या सत्राअखेर मी हिशेब काढला. वर्षभरात 1,130 वेळा पुस्तक घरी गेलं. हरवली चार. सरांनी कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः करून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, त्या केंद्राच्या नियमात बसते बरं आता आपलं."

त्या चारातलं एक परवा एक आजी घेऊन आली. कुटाराच्या ढिगात सापडलं म्हणाली, बैलाने कोपरा चघळलेला. आत तीन लाल टिकल्या शाबूत.

सरांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "याचं निर्लेखन पाठवलं नाई न अजून?"

"नाही सर."

"वाचलो," ते म्हणाले.