संगीतातून ओळख: पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी दीड तासाची आखणी

जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेश मार्गी लागले की कॉलेजच्या सांस्कृतिक मंडळाची पहिली बैठक होते. नवी मुलं एकेक करून उभी राहतात. नाव, गाव, बारावी कुठून केली, छंद काय. छंदाला ‘गाणी ऐकणे’ असं उत्तर येतं आणि पुढचा मुलगा उभा राहतो. हीच बैठक संगीताभोवती बांधली, तर दीड तासात जेवढी ओळख होते तेवढी एरवी अख्ख्या सेमिस्टरमध्ये होत नाही, असं माझं ठाम मत आहे. मात्र ती आखावी लागते. ‘चला, प्रत्येकाने काहीतरी म्हणा’ एवढ्यावर सोडली, तर तीन-चार सराईत गाणारे सगळा वेळ घेतात आणि बाकीचे टाळ्या वाजवायला उरतात.

आधी प्रश्नांचं बघू. ‘आवडतं गाणं कोणतं?’ हा या बैठकीतला सगळ्यात निकामी प्रश्न. त्या महिन्यात जे सगळीकडे वाजत असतं तेच उत्तर येतं, कारण नव्या वर्गात कुणालाच वेगळं नाव घेऊन नजरेत भरायचं नसतं. ‘कोणत्या प्रकारचं संगीत आवडतं?’ म्हटलं की ‘सगळंच’. त्यामुळे आवडनिवड बाजूला ठेवून संगीताशी असलेला संबंध विचारावा. आदल्या दिवशी अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यावी, पाच प्रश्न पुरेत. घरात किंवा गल्लीत रोज कानावर काय पडतं? पहिल्या ओळीपासून शेवटच्या अंतऱ्यापर्यंत न अडखळता काय म्हणता येतं? कोणतं वाद्य निदान काही दिवस हातात होतं? शिकायला घेऊन काय सोडलं, आणि का? कोणतं संगीत अजून कळत नाही, पण कळून घ्यायचंय?

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला खरी माणसं सापडतात. गावाकडून आलेला मुलगा ‘मला गाणं येत नाही’ असं अगदी प्रामाणिकपणे सांगतो. त्याला विचारा, गावच्या सप्ताहात उभा राहिला आहेस का? मग कळतं की अखंड हरिनाम सप्ताहात त्याने पहाऱ्याला वीणा धरली आहे. सात दिवस ती वीणा खाली ठेवायची नसते, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मध्यरात्रीचा पहारा बहुतेकदा तरुण पोरांच्या वाट्याला येतो. त्याला हरिपाठ पाठ असतो, टाळ धरता येतो, चाल उचलता येते. यातलं काहीच त्याने ‘संगीत’ या खात्यात धरलेलं नसतं. ढोल-ताशा पथकातल्या मुलीचंही तेच. एका बाजूला टिपरू (वाजवायची काठी), दुसऱ्या बाजूला हाताची थाप, कमरेला वजन आणि पुढच्या ओळीच्या हातांकडे लक्ष, असं सलग काही तास करणाऱ्या मुलीची लय पक्कीच असते. पण ‘वाद्य येतं का?’ या प्रश्नावर ती मान हलवते, कारण वाद्य म्हणजे गिटार किंवा पेटी, असं तिच्या डोक्यात बसलेलं असतं.

चौथा प्रश्न नाजूक असतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिलेली मुलं जवळपास प्रत्येक वर्गात असतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, उपान्त्य विशारद, विशारद पूर्ण अशी ती चढण आहे आणि ती बहुतेकांची मध्यमाच्या आसपास सुटते, कारण तेव्हाच दहावी येते. ‘किती परीक्षा झाल्या?’ विचारलं की प्रमाणपत्रांची यादी मिळते. त्यापेक्षा ‘वही न उघडता आज कोणता राग गाशील?’ असं विचारा. कुणी भूप म्हणेल, कुणी दुर्गा, आणि तिथेच दोन आवर्तनं गाऊनही दाखवेल. सुटलेलं शिक्षण लाजेचं नाही हे बैठक घेणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने म्हणावं, त्यानंतर मुलं मोकळी बोलतात.

वेळेचा हिशेब घड्याळ लावून करायचा. ३० मुलं, प्रत्येकी ३ मिनिटं, म्हणजे ९० मिनिटं. त्यात दीड मिनिट बोलणं, ४० सेकंद आवाज (गाऊन, वाजवून किंवा लावून), उरलेल्या ५० सेकंदांत वर्गातून एकच प्रश्न आणि जागा बदलणं. वर्ग ६० चा असेल तर दोन खोल्या घ्या, एकाच खोलीत तीन तास बसवू नका. दीड तासानंतरच्या मुलांचं कुणी ऐकत नाही आणि त्यांना ते जाणवतं. हजेरीच्या क्रमाने बोलावू नये. पहिलं बोलणं मंडळातल्या सीनियरने करावं, तेही न गाणाऱ्या सीनियरने. पहिलाच कुणी तयारीचा ख्याल गायला की पुढचे दहाजण ‘मला काही येत नाही’ म्हणून खाली बसतात.

बोलणं कसं असावं याचा एक नमुना चिठ्ठीच्या मागे छापला तर फार उपयोग होतो. ‘मला लहानपणापासून संगीताची आवड आहे, संगीताशिवाय जीवन अपूर्ण आहे’ हे वाक्य कुणाचंही असू शकतं. त्याऐवजी असं काही: ‘आमचं घर देवळाला लागून. कार्तिकात पहाटे काकडा सुरू झाला की झोप मोडायची, म्हणून मला त्याचा राग यायचा. इथे होस्टेलवर पहाटे काही ऐकू येत नाही, तर जाग येते. मी गात नाही, पण काकड्यातले अभंग क्रमाने सांगू शकतो.’ चार-पाच वाक्यं, एक जागा, एक वेळ, एक अडचण. एवढं ऐकलेल्या वर्गाला तो मुलगा लक्षात राहतो.

आता आवाजाची बाजू. बैठका इथेच फसतात. फोनच्या स्पीकरवर काहीही लावू नका. तो स्पीकर नखाएवढा असतो. ढोलाचा दणका, डग्ग्याची (तबल्याच्या जोडीतल्या डाव्या वाद्याची) घुमार, पखवाजाची डावी बाजू त्यातून येतच नाही आणि उरते ती नुसती टिकटिक. ब्लूटूथ स्पीकर आणला तर जोडणी बदलण्यात दरवेळी मिनिट जातं आणि मागच्या मुलाचा फोन मधेच पुन्हा जोडला जातो. सगळ्यात भरवशाचं म्हणजे एक लॅपटॉप, एक वायर, एक स्पीकर. आदल्या संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने तुकडा पाठवायचा, फाइलला हजेरी क्रमांकाचं नाव, आणि कुठून लावायचं ते लिहून द्यायचं: ‘१:१२ पासून’. नेटवरून थेट लावलं की आधी जाहिरात वाजते, नाहीतर वर्गात रेंज नसते. सुरुवातीला एक तुकडा लावून शेवटच्या बाकावर जाऊन ऐकावं. नंतर आवाज कमी-जास्त करायला एकाला लॅपटॉपपाशीच बसवावं, कारण जुनी ध्वनिमुद्रणं हळू आणि नवी फार मोठ्याने वाजतात.

गाणाऱ्यांची हमखास होणारी फजिती पट्टीची, म्हणजे गाण्याचा ‘सा’ कोणत्या उंचीवर धरायचा त्याची. मूळ गाण्याच्याच पट्टीत ट्रॅक लावला जातो, मुखडा ठीक जातो आणि अंतऱ्यात आवाज फाटतो. यावर सोपा उपाय आहे: गाण्यातला सर्वात वरचा स्वर आधी गाऊन बघायचा, मग सर्वात खालचा, आणि दोन्ही न ताणता लागतील असा षड्ज (सा) धरायचा. तो पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या क्रमांकाने सांगतात. साधारणपणे मुलांचा षड्ज पांढरी एक ते काळी दोनच्या दरम्यान बसतो, मुलींचा पांढरी पाच ते काळी पाचच्या. हा निव्वळ अंदाज झाला. भारी आवाजाच्या मुलीला पांढरी चार सोयीची जाते आणि तिला काळी चारवर ओढण्यात काही हशील नाही. तानपुऱ्याचं अ‍ॅप फोनवर असतंच. मालकंस गाणारा कुणी निघाला तर पहिली तार पंचमाऐवजी (प) मध्यमावर (म) न्या, त्या रागात पंचमच नाही.

पेटीवाले आणि गिटारवाले एकमेकांची भाषा बोलत नाहीत, म्हणून हे फळ्यावर लिहून ठेवावं: पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. मुलगी काळी चारमध्ये गात असेल तर गिटारवाल्याने पहिल्या घरात कापो (तारा दाबून धरणारा चाप) लावून जीचे कॉर्ड (एकत्र छेडायचे सूर) धरायचे. काळी दोनसाठी पहिल्या घरात कापो आणि डीचे कॉर्ड, काळी पाचसाठी तिसऱ्या घरात कापो आणि जीचे. हे ठाऊक असलं की ‘या पट्टीत गिटार बसत नाही’ हा वाद तिथेच मिटतो. जुळवायचा क्रमही ठरलेला असतो. पेटीच्या सुरांना बसल्या जागी हात लावता येत नाही, म्हणून आधी पेटी प्रमाण मानायची, मग तानपुऱ्याचं अ‍ॅप, गिटार आणि तबला तिला मिळवायचे. कॉलेजच्या जुन्या पेट्या बऱ्याचदा किंचित उतरलेल्या असतात, तेव्हा अ‍ॅपमधला बारीक फरकाचा काटा वापरावा लागतो.

दिवस पावसाळ्याचे, हेही विसरू नये. दमट हवेत तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडते, स्वर उतरतो, नाद बसतो. एसीच्या सभागृहात नेला की कातडं सुकून तो चढतो. म्हणून तबला निदान अर्धा तास आधी त्याच खोलीत आणून ठेवायचा आणि मगच हातोडी घ्यायची. गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) वरून ठोकलं की स्वर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. फरक मोठा असेल तर वादीखालचे लाकडी गठ्ठे सरकवावे लागतात. पांढरी पाचचा तबला काळी चारच्या गाण्याला तसाच घेतला तर अर्ध्या स्वराचा फरक पूर्ण गाणंभर कानाला टोचत राहतो. पखवाजवाल्याला तर वेगळाच वेळ हवा. डाव्या पुडीवर कणीक मळून लावायची, ती कमी-जास्त करत नाद मिळवायचा आणि वाजवून झाल्यावर खरवडून काढायची. त्याला पहिला किंवा शेवटचा क्रमांक द्या, पाणी आणि जुनं फडकं हाताशी ठेवा. ढोल मात्र खोलीत नको. ठेका बाकावर वाजवूनही समजतो, आणि शेजारच्या वर्गाचं लेक्चर चालू राहतं.

गोव्यातल्या कॉलेजात ही बैठक आणखी रंगते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरत्यांना घुमट हे मातीच्या भांड्याचं वाद्य वाजवणारा मुलगा आणि चर्चमध्ये व्हायोलिनवर स्वरलिपी वाचून वाजवणारी मुलगी एकाच बाकावर असू शकतात. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं असे; वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण दिल्यानंतर बकऱ्याचं आलं आणि नाद बदलला. वाजवणाऱ्याला हा फरक विचारा, तो सांगताना हात आपोआप हलायला लागतात.

एका गोष्टीची काळजी मनापासून घ्यायला हवी. घरातलं गाणं सांगितलं की आपल्याकडे बहुतेकदा जात आणि धर्मही कळतो. १४ एप्रिलला गायन पार्टीत कोरस धरणारा, आंबेडकरी कवी-गायक वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गीतं वडिलांकडून ऐकत वाढलेला मुलगा पहिल्याच दिवशी हे सांगायचं की नाही, याचा विचार करत असतो. कव्वाली ऐकत मोठी झालेली मुलगीही. म्हणून पाचांपैकी कोणतेही दोन प्रश्न टाळायची मुभा चिठ्ठीवरच छापावी आणि ‘म्हणजे तुम्ही अमुक का?’ हा प्रश्न बैठक घेणाऱ्याने तिथल्या तिथे थांबवावा. पुढचा प्रश्न गाण्याबद्दलच हवा: चाल कुणी बांधली, कोरस किती जणांचा, ढोलकी कोण वाजवतं. असे प्रश्न आले की सांगणारा खुलतो. तसंच ‘मी संगीत ऐकत नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे. कुणाला ऐकू कमी येतं, कुणाच्या घरी चालत नाही, कुणाला शांतता बरी वाटते. ‘निदान एक ओळ तरी’ असा आग्रह कुणालाही करू नये. आणि फोनवर रेकॉर्डिंग बंद: नवख्या मुलीचा थरथरता आवाज संध्याकाळी ग्रुपवर फिरला, तर ती मंडळाकडे पुन्हा फिरकणार नाही.

बैठक चालू असताना एकाने वहीत नोंद करत राहावं. नाव, पट्टी, वाद्य स्वतःचं आहे की नाही, ताल हाताने धरता येतो का, आणि काय शिकायचंय. विद्यापीठाच्या युवक महोत्सवाची निवड पुढे याच पानावरून होते. तिथे सुगम गायनात चित्रपटगीत चालत नाही, भावगीत, अभंग, गझल असं काहीतरी लागतं. वर्गात फक्त सिनेमाची गाणी म्हटलेल्या चांगल्या गळ्याच्या मुलांना हे ऑगस्टमध्येच सांगितलं, तर नवं गाणं बसवायला वेळ मिळतो. त्या-त्या वर्षीची नियमपुस्तिका मागवून मिनिटं आणि साथीदारांची संख्या पाहून घ्यावी.

वहीवरून जोड्या लावायच्या त्या पाचव्या प्रश्नावरून. पखवाज कळून घ्यायचाय असं लिहिणारी गिटारवाली आणि कॉर्ड म्हणजे काय ते न कळलेला पखवाजवाला यांना आठवडाभरात एकत्र बसवा, एक अभंग द्या आणि पट्टी गाणाऱ्याला ठरवू द्या. खोली शनिवारी दुपारची मागून ठेवा. सायन्सची मुलं प्रॅक्टिकल आटपून तेव्हाच मोकळी होतात.